विश्लेषण : गिग कामगारांनी टेकायचे कुठे?

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी परिसरात डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाण आहे. खाणीतील कायम कामगाराला पाळी असते, संघटना असते, राहायला वसाहत असते. त्याच परिसरातला तरुण नागपुरात जाऊन घरोघरी जेवण पोहोचवू लागला, की त्याच्याजवळ दुचाकी, पाठीवरची पिशवी आणि मोबाइलमधले अ‍ॅप एवढेच उरते. सोबत काम करणारा कोण, हेही त्याला कुणी सांगत नाही.

मग ओळखी होतात कुठे?

हॉटेलाबाहेर, ऑर्डरची वाट पाहताना. तिथे नंबर घेतले जातात, व्हॉट्सअ‍ॅप गट बनतो. गाडी पंक्चर झाली, अपघात झाला, आयडी बंद पडला, की पहिला फोन त्या गटातल्याच कुणाला जातो. खरे तर हे सारे एकाच ऑर्डरसाठी एकमेकांचे स्पर्धक. तरीही धावून येतात. पण उभे राहिले की दुकानदार हटकतो आणि सुरक्षारक्षक हाकलतो.

गिरणगावात कोकणातून आलेला कामगार आधी गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा. नोकरी लागायची तीही बहुतेकदा गाववाल्याच्या ओळखीने. त्या आधाराला भिंती आणि छप्पर होते.

कायदा काय देतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, अशी तरतूद आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२९-३० पर्यंत अशा कामगारांची संख्या २.३५ कोटींवर जाईल. निधी हवाच. पण तो एकेका खात्याशी जोडलेला आहे, माणसांच्या एकत्र येण्याशी नाही. आणि खातेच बंद झाले तर? कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात काम थांबवण्यापूर्वी १४ दिवसांची लेखी सूचना बंधनकारक आहे. महाराष्ट्राने निदान एवढे तरी उचलावे.

दुसरी गोष्ट महापालिकेच्या हातातली. चेन्नईने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी वातानुकूलित विश्रांतीगृह सुरू केले. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वातानुकूलन राहू द्या, उड्डाणपुलाखाली बाक, पाण्याचा नळ, मोबाइल चार्जिंगची सोय आणि महिला कामगारांनाही वापरता येईल असे स्वच्छतागृह, एवढे झाले तरी पुष्कळ.