एक भोपळा की अनेक?

अमेरिकेत २०२३ साली १,२४७ किलो वजनाचा भोपळा पिकला. हे ऐकून आपल्याही परसात असे अजस्र फळ धरावे, अशी हौस कोणालाही वाटेल. त्यामागील चिकाटी वाखाणण्याजोगीच आहे. सकाळी उमललेल्या मादीफुलावर नरफुलातील पराग हाताने घालावे लागतात. पुढे एकच फळ राखून बाकीची खुडावी लागतात. तेव्हा कोठे वेलीचे सारे पोषण त्या एकाकडे वळते.

परंतु जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात परसबागेचे ध्येय निराळे असावे, असे मला वाटते. अजस्र भोपळा बहुधा पाणचट व बेचव असतो. उलट मोरीच्या पाण्यावर वाढलेली साधी वेल अनेक फळे देते. देठासह काढलेला पक्व भोपळा कित्येक महिने टिकतो आणि त्यातील कॅरोटीन दृष्टीला उपकारक ठरते. डोळे दिपविण्यापेक्षा डोळे राखणे श्रेयस्कर नव्हे काय?

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्यकार्य आरंभिले. एका रुग्णालयावर सारी भिस्त न ठेवता त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. आपल्याच जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचे अनेक वाण जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकाला फुगविण्यापेक्षा अनेकांना वाढविणे, हेच या दोन्ही कार्यांचे मर्म होय.

मुलांनो, वेल अवश्य लावा. मात्र तिचे मोल तराजूवर न ठरविता, तिने किती ताटे भरली, यावरून ठरवा.