कावीळ उतरली म्हणजे विषय संपला?

आमच्या भागातल्या कुठल्याही आरोग्य शिबिराला जा. बीपी, शुगर, डोळे आणि नेत्याचा हसरा फोटो. हिपॅटायटिस बी-सीची तपासणी? नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो, ते कावीळवाल्यांचं."

हेच मला मान्य नाही. बी आणि सी कित्येकांच्या अंगात कावीळ न होताच वर्षानुवर्षं बसून असतात. (माळ घालून उतरते ती बहुतेक वेळा ए किंवा ई, आणि ती माळेशिवायही उतरते.) सिरॉसिस, लिव्हरचा कॅन्सर हे निदान ऐकून तरी असतं. पण लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, त्याचाही सीशी संबंध आहे हे किती जणांना ठाऊक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सीला नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं एक कारण म्हणून नोंदवलंय. धोका साधारण दुप्पट. घाबरवत नाहीये, लिम्फोमा मुळातच कमी आढळतो, सी असलेल्या बहुतेकांना तो होत नाही. पण 2002 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी काय पाहिलं ते ऐका. प्लीहेच्या एका लिम्फोमाचे 9 सी-बाधित रुग्ण, औषध इंटरफेरॉन. 7 जणांच्या रक्तातून विषाणू गेला आणि लिम्फोमाही ओसरला. तोच लिम्फोमा, पण सी नसलेले 6 जण, त्यांच्यावर तेच औषध निरुपयोगी! आणखी काय पुरावा हवा?

बीचा घोर वेगळा. लिम्फोमावर रिटुक्सिमॅब सुरू केलं की अंगात झोपलेला बी उठतो, लिव्हर निकामी होऊन माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणून केमोआधी बीची तपासणी झाली का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना बेधडक विचारावं.

आणि हे विषाणू येतात कुठून? साध्या तापाला "एक सुई मारा ना डॉक्टर" म्हणणारे आपणच. 2009 साली गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या, बी पसरला, माणसं मेली.

पैसे नाहीत म्हणू नका. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी तर बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मग मंडळांनो, नगरसेवकांनो, पुढच्या शिबिराच्या बॅनरवर या दोन तपासण्या येणार का? कमेंटमध्ये तारीख टाका, जिल्हा रुग्णालयात चौकशीला मी येतो सोबत.