वजनावर देण्याआधी

दसरा झाला की घरोघरी आवराआवर सुरू होते आणि माळे रिकामे होऊ लागतात. पितळेचा बंब, घंगाळं, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, शेर-मापट्याची मापं, ट्रंकेतली कागदांची बोचकी, सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. किलोचा भाव लागतो. भांडं भट्टीत जातं, कागद लगद्यात. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार असेल, तर नीट पाहायलाही सवड मिळत नाही. जुन्या वस्तू जमवणारा एक माणूस म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: या दिवाळीत काहीही मोडीत घालण्याआधी आठ दिवस थांबा.

आमच्याकडे संग्रहालयात ठेवण्याजोगं काय असणार, असं कृपा करून म्हणू नका. पुण्याच्या दिनकर केळकरांनी काय गोळा केलं ते आठवा. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या! लोकांना अडगळ वाटणाऱ्या या वस्तू त्यांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. कोथरूडचा मस्तानी महालही तिथे पुन्हा उभारलेला आहे, पण मला आधी आठवतात ते अडकित्ते. तलवारी जपणारे पुष्कळ असतात. स्वयंपाकघरातली वस्तू मात्र कुणी मुद्दाम राखली तरच राहते.

वस्तू राखायची म्हणजे ती घासून लखलखीत करायची नव्हे. शिवराई, म्हणजे जुनं तांब्याचं नाणं, सापडली की पहिल्यांदा चिंच आणि मीठ शोधलं जातं. तसं करू नका. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला थर निघून जातो, अक्षरं झिजतात आणि जाणकाराला त्या नाण्यातलं वाचण्यासारखं फारसं उरत नाही. मऊ कोरड्या कापडानं धूळ टिपा, एवढं पुरे.

त्याहून महत्त्वाचं काम घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसून करायचं आहे, आणि ते आजच करा. हा डबा कुणाच्या माहेरून आला? समईवर कोरलेलं नाव कुणाचं? चिपट्यानं काय मोजत? आजी सांगतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. वस्तूचा फोटो काढा आणि नाव, गाव, अंदाजे साल लिहिलेली चिठ्ठी तिला दोऱ्यानं बांधा. जुन्या बाजारात समया हव्या तेवढ्या मिळतात. त्या कुठल्या घरातल्या, हे मात्र विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ही माहिती देऊ शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

कागदांच्या बाबतीत तर मी हात जोडतो. मोडी लिपी वाचता येत नाही म्हणून रुमालात बांधलेली दप्तरं रद्दीत घालू नका. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अशीच दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडानं छापली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. तुमच्या गावात एखादा मोडी वाचक, इतिहासाचा प्राध्यापक, जुनं ग्रंथालय असेल. त्यांना आधी दाखवा. दप्तर सोडवून बंद वेगळे करू नका. कोणता कागद कशाबरोबर होता, यातूनच अर्धा इतिहास कळतो. तिकिटं जमवणाऱ्या मुलांनाही सांगा: पाकिटावरून तिकीट कापू नका, टपालाच्या शिक्क्यासकट अख्खं पाकीट ठेवा.

आता संग्राहक मित्रांशी थोडं कडक बोलतो. देवळातली मूर्ती, वेशीवरची वीरगळ, लेण्यातला तुकडा या जमवायच्या वस्तूच नाहीत. कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. आपण घेतो म्हणून त्या उचलल्या जातात. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या मुलांकडे आजोबांच्या देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती पाठवण्याआधी पुरातत्त्व विभागाला विचारा. आणि शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं, तर सराफाकडे धावू नका. १८७८ च्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. जागेची खूण करा, गाडगं न फोडता जसं सापडलं तसं ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा.