पाहुणा कोणाचा?

एप्रिल २०१७. माझं पोस्टिंग तेव्हा अरुणाचलात, तवांगच्या रस्त्यावर होतं. दलाई लामा येणार होते. हवा बिघडली, हेलिकॉप्टर उडेना, म्हणून ते गुवाहाटीकडून गाडीनेच निघाले. या रस्त्यावर तेव्हा १३,७०० फुटांवरची सेला खिंड लागायची. पाऊस, धुकं, गारठा. तरीही मोनपा लोक हातात पांढरे खादा घेऊन पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभे.

आमच्या एका पोर्टरची म्हातारी आईही त्यांत होती. ताफा काही क्षणांत निघून गेला. पोर्टर मला म्हणाला, "साहब, माँ बोलती है, अब मर भी गई तो चलेगा."

संध्याकाळी फोनला रेंज आली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटलेलं. निम्मे म्हणत होते, 'चीनला झोंबलं पाहिजे.' उरलेले म्हणत होते, 'उगीच कशाला डिवचायचं?' दोन्ही बाजूंचं लक्ष बीजिंगकडे. त्या म्हातारीकडे कोणाचंच नाही.

चीनने आपल्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. त्याच महिन्यात अरुणाचलातल्या सहा ठिकाणांना स्वतःची नावंही देऊन टाकली. आपल्या सरकारचं उत्तर साधं होतं: हा धार्मिक दौरा आहे, त्याला राजकीय रंग देऊ नका. तवांग हे सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान. तिथल्या माणसांनी आपल्या गुरूला भेटायचं की नाही, हे दुसऱ्या देशाने ठरवायचं नाही. ते उत्तर मला पटलं. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला १९९९ आठवलं.

त्या नोव्हेंबरात आम्ही खडकवासल्याहून पास आउट होऊन डेहराडूनला आयएमएत होतो. कारगिल संपून चार महिनेही झाले नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले होते आणि ऐन दिवाळीच्या दिवशी नेहरू स्टेडियममध्ये त्यांची प्रार्थनासभा होती. विरोध जोरात होता. आमच्या कोर्समध्ये वसईचा एक ख्रिस्ती मुलगा होता. मेसमध्ये कोणीतरी त्याला विचारलं, "तुझे बडे साहेब आलेत. आता सॅल्यूट कोणाला मारणार?" सगळे हसले. मीही हसलो.

रात्री बूट पॉलिश करताना तो म्हणाला, "१९८६ ला हेच पोप मुंबईत आले, तेव्हा आई मला शिवाजी पार्कला घेऊन गेली होती. मला फक्त गर्दी आठवते. आता त्याचाही हिशेब द्यायचा का?" मी गप्प राहिलो.

त्या वेळचा विरोध अगदीच हवेतला होता असं मी म्हणत नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन इतिहासात आहे. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक निघावं, ही भाषाही पोप यांनी त्याच दौऱ्यात दिल्लीत केली. त्यावर बोलावं, लिहावं, माफी मागावी म्हणून आग्रह धरावा. लोकशाहीत हे सगळं बसतं. पण पाहुण्याच्या शब्दांना विरोध वेगळा आणि त्याच्या येण्याला विरोध वेगळा. आणि पाहुण्याचा हिशेब त्याला बघायला गेलेल्या आपल्याच माणसाकडे मागणं, हे तर सरळ अन्याय्य. तवांगला जे तत्त्व आपण चीनला ऐकवलं, ते दिल्लीत घरच्यांनाही लागू व्हायला हवं. पाहुणा आपल्याला आवडतो की नाही, यावर तत्त्व बदलत असेल, तर ते तत्त्व नव्हे, सोय आहे.

व्हिसा द्यायचा की नाही हे सरकार पाहील. कोणी कायदा मोडला तर पोलीस आहेत. उरलेल्यांनी एवढंच विचारावं: हा पाहुणा कोणाकडे आलाय? उत्तर 'आपल्याच लोकांकडे' असेल, तर तो आपलाही पाहुणा. फौजेत हे वेगळं शिकवावं लागत नाही. जवानांचं जे धर्मस्थळ, तिथे कमांडिंग ऑफिसर डोकं टेकवतो, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. त्याने त्याची श्रद्धा बाटत नाही, पलटण मात्र एक राहते.

दुसऱ्या दिवशी मी त्या वसईच्या मित्राला फोन केला. मेसमधल्या हसण्याबद्दल माफी मागितली. तो विसरला असेल असं वाटलं होतं.

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अठरा वर्षं लागली रे तुला."