एकदा विकलेला माल

पगाराची थकबाकी हाती आली की प्राध्यापकाची बुद्धी कशी चालते, हा एक संशोधनाचा विषय आहे. पैसे आपणच कमावलेले. पण उशिरा आले की वाटते, कोणी फुकटच दिले! यंदा मी त्यातून ध्वनिक्षेपक घेतले. हा शब्द घरात उच्चारताच सौभाग्यवतींच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मांडवातला कर्णा उभा राहिला. म्हणून यापुढे सरळ स्पीकर म्हणतो. जोडीची किंमत ७२,००० रुपये.

हेतू चैनीचा नव्हता. आमचे अण्णा ८२ वर्षांचे. जन्मभर त्यांनी खेड्यातील शाळेत मराठी शिकविले. आकाशवाणीवर भीमसेन जोशींचा अभंग लागला की शाळेची घंटा पाच मिनिटे उशिरा होई, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. पण गेली दोन वर्षे त्यांनी रेडिओला हात लावलेला नाही. "सूर येतो रे, शब्द येत नाही," म्हणतात. कानाच्या डॉक्टरांनी उलगडा केला : वयाबरोबर आधी उंच कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, आणि स, श, त, थ ही मंडळी त्यांतच मोडतात. म्हणजे अण्णांच्या वाट्याला स्वर उरले, व्यंजने गेली! श्रवणयंत्राचे नाव काढले की ते म्हणतात, "अजून एवढा म्हातारा झालो नाही."

दुकानात गाणे ऐकविण्याची खास खोली होती. खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे, मऊ कोच. अभंग सुरू झाला आणि टाळाचा प्रत्येक ठोका, प्रत्येक 'स' सुटा सुटा कानावर आला. "सर, ज्याला कान आहे त्याच्यासाठीच आहे ही वस्तू," दुकानदार म्हणाला. एकदा आपल्याला कान आहे असे ठरले, की पाकीट कोण सांभाळतो?

दोन्ही खोकी रिक्षात घालून मी सूतगिरणी चौकावरून गारखेड्याला आलो. आमची बैठकीची खोली बारा फूट बाय दहा. उघडी फरशी, उघड्या भिंती, एक लोखंडी कपाट. स्पीकर दोन कोपऱ्यांत शोभेसे मांडले. आणि काय सांगावे! खर्ज असा फुगला की गायकाचे शब्द त्यात बुडून गेले. अण्णा थोडा वेळ कान देऊन बसले, मग म्हणाले, "कीर्तन पत्र्याच्या शेडमध्ये आहे का रे?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. कालचा मधाळ माणूस आज एका शब्दात बोलत होता. त्याने पावतीच्या तळाशी बोट ठेवले : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मराठीचा अध्यापक मी. माझे लक्ष आधी व्याकरणाकडे गेले. वाक्यात कर्ताच नाही! 'मी परत घेणार नाही' म्हटले असते तर मी भांडलो असतो. पण 'घेतला जाणार नाही' म्हणजे जणू सूर्य पश्चिमेला उगवणार नाही. भांडायचे कोणाशी?

घरी येऊन कायदा पाहिला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवरील तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, वकीलही करावा लागत नाही. माझ्या अंगात वीरश्री संचारली. तक्रारीचा मसुदा लिहू लागलो आणि 'सदोष' या शब्दापाशी अडलो. दोष कोणता? स्पीकर उत्तम होते. तसे पाहिले तर सदोष होती आमची खोली, आणि ती मी वीस वर्षांच्या कर्जाने घेतलेली! आणलेली वस्तू घरी नीट लागली नाही, यासाठी त्या कायद्यात कलम नाही.

अखेर विज्ञान शाखेतला एक जुना विद्यार्थी धावून आला. त्याने आधी मोजपट्टी काढली. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तेव्हा बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला ४७ कंपनांच्या आसपासचा आणि त्याच्या दुपटीचा नाद घुमत राहतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर त्यात आणखी भर घालतो. "सर, दुकानातली खोली विकत घेतली असती तर बरे झाले असते," तो म्हणाला. विद्यार्थी मोठे झाले की असे बोलतात. त्याने स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढले, बैठकीवर उंच ठेवले, तोंडे अण्णांच्या खुर्चीकडे वळविली आणि खर्ज उतरविला. सौभाग्यवतींनी न बोलता ट्रंकेतून आईच्या हातच्या दोन गोधड्या काढल्या. एक भिंतीवर टांगली, एक खाली अंथरली. खोलीला परटाच्या दुकानाची कळा आली.

अभंग पुन्हा लावला. पहिल्या कडव्याला अण्णांचा चेहरा तसाच होता. दुसऱ्याला ओठ हलू लागले. मध्येच हात वर करून म्हणाले, "मागे घे. ती ओळ पुन्हा." तीन वेळा ती ओळ ऐकली.

मग विचारले, "केवढ्याला पडले?"

"चौदा हजार," मी म्हणालो.

पावती मी दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त दडवली होती, प्रयोगविचाराच्या पानांत. तो ग्रंथ १९११ चा. आमच्या घरी आता तो कोण उघडणार? परवा महाविद्यालयातून आलो, तर दामले टेबलावर उघडे, शेजारी अण्णांचा चष्मा. अण्णा काही बोलले नाहीत. पावतीवरच्या त्या वाक्याखाली मात्र लाल शाईने बारीक अक्षरात लिहिले होते : 'कर्ता?'