यंत्राला मराठी कुठून मिळणार?



‘नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून अभ्यंग...’ एवढे वाचले की ‘स्नान’ हा शब्द आपोआप मनात येतो. ‘फराळाच्या ताटात चकली, करंजी आणि...’ यापुढे मात्र कोणाला लाडू आठवेल, कोणाला चिवडा, कोणाला अनारसे. आता यातल्या प्रत्येक शब्दाला त्याच्या शक्यतेचा एक आकडा द्या : लाडवाला मोठा, अनारशाला लहान, ‘पंख्या’ला जवळजवळ शून्य. चॅटजीपीटीसारखी यंत्रे हेच करतात. ती आकडे मांडतात, त्यांतून, शक्यतेच्या प्रमाणात चिठ्ठी काढावी तसा, एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा निवडतात, तो वाक्याला जोडतात आणि वाढलेल्या वाक्यावर पुन्हा आकडे मांडतात. पत्र, निबंध, कविता, सगळे असे एकेका तुकड्याने तयार होते. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तराचे शब्द बदलतात, ते यामुळेच.

कल्पना जुनी आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्य-कादंबरीतली २०,००० अक्षरे तपासून स्वरामागून व्यंजन येण्याची शक्यता मोजली. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी अशाच शक्यतांवरून इंग्रजीसारखी भासणारी वाक्ये जुळवून दाखवली. पण या पद्धतीची नजर अगदी शेजारच्या अक्षरा-शब्दांपुरतीच होती. ‘आजीने नातीला जवळ घेतले, कारण ती घाबरली होती’ यातली ‘ती’ म्हणजे नात, हे आपल्याला पूर्ण वाक्य लक्षात घेतल्यावरच कळते. हे यंत्राला नीट साधले ते २०१७ नंतर. त्या वर्षी गूगलमधल्या आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. तिच्यात प्रत्येक शब्द वाक्यातल्या इतर शब्दांशी ताडून पाहिला जातो आणि कोणाकडे किती लक्ष द्यायचे ते ठरते. त्या आठांत आशिष वासवानी आणि निकी परमार होते; परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले.

शक्यता ठरतात त्या शिकवणीतून. यंत्रापुढे अफाट मजकूर ठेवायचा, पुढचा शब्द झाकायचा आणि तो ओळखायला लावायचा. अंदाज चुकला की यंत्राच्या आतल्या संख्या किंचित सरकवायच्या. २०२० च्या जीपीटी-३ या यंत्रात अशा १७,५०० कोटी संख्या होत्या. पुढे माणसे उत्तरांना बरे-वाईट ठरवतात आणि त्यावरून यंत्राला वळण लावले जाते. चित्र काढणाऱ्या बऱ्याच यंत्रांची रीत वेगळी असते : ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने निवळत नेतात.

मूळ शिकवणीत ‘हे खरे आहे का?’ असा प्रश्न येत नाही. पुढे काय शोभेल, एवढेच यंत्र तिथे शिकते; उत्तरांना बरे-वाईट ठरवणारी माणसेही प्रत्येक गोष्ट पडताळू शकत नाहीत. ज्या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे तिथे शोभणारे आणि खरे बहुधा एकच निघते. जिथे लेखन तुरळक, तिथे अंदाज भरकटतो. एखाद्या अल्पपरिचित मराठी कवीबद्दल विचारून पाहा. कधीच न निघालेल्या संग्रहाचे नाव, प्रकाशक आणि वर्ष ठाम सुरात सांगितले जाऊ शकते. तेव्हा यंत्राने दिलेला संदर्भ मूळ पुस्तकात पाहिल्याशिवाय कोणीही छापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि इथेच हा प्रश्न आपल्या दाराशी येतो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख. जीपीटी-३ ज्या मजकुरावर शिकले, त्यात मात्र इंग्रजीचाच वाटा सुमारे ९३ टक्के होता. नवी यंत्रे मराठी बरी लिहितात. तरीही इंटरनेटवरच्या एकूण मजकुरात मराठी एक टक्क्याहून पुष्कळ कमी आहे, आणि त्यातही बातम्या, जाहिराती, घाईची भाषांतरे खूप. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या अंकांतले कसदार गद्य बव्हंशी कागदावरच, ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. यंत्र ते वाचूच शकलेले नाही. मग त्याची मराठी सपक वाटली तर नवल कसले?

हयात लेखकांचे लेखन त्यांना न विचारता यंत्राच्या शिकवणीसाठी उचलणे आम्हाला मान्य नाही. त्यांची संमती आणि त्यांचा मोबदला हे हक्काचे विषय आहेत. परंतु आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. असे लेखन मराठीत विपुल आहे, आणि ते उजेडात आणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

जुन्या पानाचे छायाचित्र काढून भागत नाही. त्यातली अक्षरे संगणकावर मजकूर म्हणून उतरावी लागतात. अक्षरे ओळखणारी साधने जुन्या खिळ्यांच्या छपाईवर, विशेषतः जोडाक्षरांवर अडखळतात. तिथे मराठी जाणणारा मुद्रितशोधक हवाच. मराठी विकिस्रोत या खुल्या संकेतस्थळावर हे काम पानापानाने चालते आणि त्यात कोणालाही सहभागी होता येते, पुण्यात बसून किंवा न्यू जर्सीत बसून. निवृत्त शिक्षकांनो, मुद्रितशोधकांनो, मराठीच्या विद्यार्थ्यांनो, या दिवाळीत एक पान तरी तपासून द्या. आणि माळ्यावरचे जुने अंक रद्दीत घालण्याआधी त्यांवरची वर्षे पाहा. ते गावातल्या ग्रंथालयाला हवे असतील.