भाषेच्या गमती : ‘रेंज’



आमच्या धारणीत ‘रेंज’ हा शब्द रोज कानावर पडतो. जंगलखात्याचं रेंज ऑफिस आणि रेंजर साहेब सर्वांना ठाऊक. मेळघाटातल्या आतल्या गावात गेलं की मोबाइलला ‘रेंज नाही’. इंग्रजीच्या पुस्तकात सातपुड्यासारखी डोंगररांग म्हणजेही ‘रेंज’!

परवा शेजारच्या खाला रक्त तपासून आल्या. नातीनं रिपोर्ट वाचला, ‘‘दादी, तुमची शुगर रेंजच्या बाहेर आहे.’’

खाला म्हणाल्या, ‘‘मग गच्चीवर जाऊन बघ, तिथं येते!’’

सगळे हसलो. पण कागद हातात घेतला, तर उपाशीपोटीची साखर 168! इथं रेंज म्हणजे किमान आणि कमाल यांमधली हद्द. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर साधारण 70 ते 100 असते. 126 किंवा त्याहून जास्त पुन्हा आली, तर डॉक्टर मधुमेह समजतात.

नातीनं विचारलं, ‘‘सर, एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?’’

मी म्हटलं, ‘‘आपल्या उर्दूत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. ‘कल आया था’, ‘कल आएगा’ यात तू कधी गोंधळतेस का? पुढचा शब्द अर्थ सांगतो. ‘रेंज’चंही तसंच. मुळात त्याचा अर्थ ओळ, रांग. पुढे डोंगर, जंगल, फोन, साखर जे येईल, त्याप्रमाणे तो बदलत गेला.’’

घरात इंग्रजी रिपोर्ट आला, तर ओळखीचा शब्द दिसला म्हणून अर्थ कळला असं समजू नका. डॉक्टरांना विचारा. खाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या, अल्हम्दुलिल्लाह!